रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करायचंय? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले विद्यार्थी आणि त्यांचे पालक जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. फी, जागा आणि तारखा दरवर्षी बदलतात. त्यासाठी त्या-त्या संस्थेची त्या वर्षीची माहितीपत्रिकाच पाहावी.

साऊंड इंजिनिअर व्हायला इंजिनिअरिंगची पदवी लागते का?

नाही. नावात ‘इंजिनिअर’ असलं तरी स्टुडिओत पदवी तपासायला कोणी बसलेलं नसतं. मात्र ‘साऊंड’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळे धंदे येतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. गाण्यांचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग हा एक. सिनेमा-मालिकांचा ध्वनी, म्हणजे लोकेशनवरचं रेकॉर्डिंग, डबिंग आणि साऊंड डिझाइन, हा दुसरा. तिसरा आकाशवाणी आणि प्रसारणाचा. चौथा कार्यक्रमांच्या साऊंड सिस्टीमचा. आधी यातला कुठला ते ठरवा, कोर्सचं नंतर बघू. सिनेमाकडे जाणाऱ्याला मान्यताप्राप्त संस्थेचा खरोखर फायदा होतो. गाण्याच्या स्टुडिओत मात्र हातातलं काम आणि ओळखी जास्त चालतात.

एसएसएलसी झाली. पुढे काय घ्यावं?

कर्नाटकात दहावीनंतर थेट ध्वनीकडे जाण्याची सरकारी वाट आहे. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट इथल्या शासकीय फिल्म आणि टेलिव्हिजन संस्थेत ध्वनिमुद्रणाचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. आपल्या भागात हे फारसं कोणाला माहीत नसतं. प्रवेश राज्याच्या तंत्रशिक्षण विभागामार्फत होतो, म्हणून निकाल लागताच त्या विभागाच्या सूचनांवर लक्ष ठेवा. शिकवणं इंग्रजी-कन्नडमध्ये असतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिलं सत्र जड जातं. ते अभ्यासापेक्षा शब्दांमुळे, त्यामुळे सुट्टीतच तांत्रिक शब्द इंग्रजीतून वाचायची सवय लावून घ्यावी.

दुसरी वाट पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सची. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विचार असेल तर फिजिक्स सोडू नका. कारण पुढच्या उत्तरात आहे.

तिसरी वाट इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशनच्या डिप्लोमाची किंवा आयटीआयमधल्या दोन वर्षांच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडची. यात ध्वनी कोणी शिकवत नाही, पण सोल्डरिंग, मल्टिमीटर आणि सर्किट वाचणं येतं. जिल्ह्याच्या गावात मिक्सर बिघडला की दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही. दुरुस्ती येणारा रेकॉर्डिस्ट म्हणूनच कधी रिकामा बसत नाही.

पुण्याच्या एफटीआयआयचं काय?

एफटीआयआय म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया. प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेवर १९६० साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था. इथे ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचना यांचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, शिवाय टेलिव्हिजन विभागात ध्वनिमुद्रणाचा एक वर्षाचा. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही ध्वनी विभाग आहे. पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण ध्वनीसाठी बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट लावली जाते. बी.कॉम. झाल्यावर ही अट कळून हळहळणारे दरवर्षी निघतात.

लेखी परीक्षा, मग मुलाखत असा साधारण क्रम. लेखीत सिनेमाची जाण आणि आवाजाचं प्राथमिक विज्ञान दोन्ही विचारतात. मुलाखतीत ‘आवडतं गाणं कोणतं’ यापेक्षा ‘या प्रसंगात पडद्याबाहेरून कोणकोणते आवाज आले’ अशा अंगाचे प्रश्न येऊ शकतात. तयारीसाठी डोळे मिटून सिनेमा ऐका आणि प्रत्येक आवाज वहीत लिहून काढा.

कर्नाटकचा रहिवासी असल्यामुळे महाराष्ट्रात अडचण येते का?

केंद्रीय संस्थांत राज्याचा प्रश्न येत नाही. तिथे ओबीसीचा दाखला मात्र केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा दाखला जोडला की अर्ज खुल्या गटात ढकलला जाण्याचा धोका असतो. महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशात (डिप्लोमा, इंजिनिअरिंग) सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. तुमचं गाव सीमाभागाच्या यादीत आहे आणि मातृभाषा मराठी आहे, या दोन्हींचे दाखले ठरलेल्या नमुन्यात द्यावे लागतात. ते गोळा करायला वेळ जातो, म्हणून निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच सुरुवात करा. खासगी अकादमींना यातलं काहीच लागत नाही, त्यांना फी लागते.

पीयूसी कॉमर्स किंवा आर्ट्सला झाली. दार बंद झालं का?

केंद्र सरकारच्या सिनेमा संस्थांचं ध्वनीचं दार बहुतेक बंद. बाकी सगळी उघडी आहेत.

खासगी कोर्सची जाहिरात रोज दिसते. चांगला कसा ओळखायचा?

मुंबई, पुणे, बेंगळुरू, चेन्नई इथे तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे कोर्स आहेत. चेन्नईतलं ए. आर. रहमान यांचं के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी किंवा मुंबईतलं व्हिसलिंग वूड्स अशी नावं सगळ्यांना ठाऊक असतात. फी लाखांत जाते. ती भरण्याआधी प्रत्यक्ष जाऊन पुढचे प्रश्न विचारा, फोनवर नको.

एका बॅचला किती मुलं, कंट्रोल रूम किती, आणि दर आठवड्याला एका मुलाच्या हातात मिक्सिंग डेस्क किती तास येतो? वीस मुलं आणि एकच स्टुडिओ असेल तर आठवड्याचे चाळीस तास वाटून तुमच्या वाट्याला दोन येतात. बाकी वेळ तुम्ही पाठीमागे उभे. खरे वादक येतात की तयार लूपवरच (आधीच रेकॉर्ड केलेल्या, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यांवरच) शिकवतात? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याने तबला, हार्मोनियम, गळा असं काही स्वतः माइक लावून घेतलेलं नाही, त्याला कोर्स संपल्यावरही आपल्याकडच्या स्टुडिओत उभं राहता येत नाही. मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलायला मिळेल का? ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असं लिहिलेलं दिसलं तर नावं आणि स्टुडिओ विचारा. उत्तर गोल आलं की उठा.

सॉफ्टवेअर कुठलं शिकवतात याची लोक विनाकारण काळजी करतात. सिनेमाच्या कामात प्रो टूल्स लागतंच. गाण्याच्या स्टुडिओत क्यूबेस, न्यूएंडो, लॉजिक असं काहीही दिसेल. एक नीट आलं की दुसरं महिन्याभरात येतं. घरच्या सरावाला रीपर पुरतं. ते ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. चोरीचं सॉफ्टवेअर घालू नका. नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ते बंद पडतं.

गाणं-वाजवणं यायलाच पाहिजे का?

गाता येणं गरजेचं नाही, समजणं गरजेचं आहे. गायिका ‘काळी चार’ म्हणाली आणि तुम्ही गोंधळलात, तर पहिल्या मिनिटालाच विश्वास उडतो. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. पांढरी एक म्हणजे सी. हे तोंडपाठ हवं.

तालाचंही तसंच. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा, रूपक सात, झपताल दहा, त्रिताल सोळा. क्लिक (हेडफोनमध्ये वाजणारा लयीचा ठोका) लावताना रूपकाला चारचा ठोका दिला की वादक डोक्याला हात लावतो. सॉफ्टवेअरमध्ये माप सातचं करा. दोन टेक जोडताना सम कुठे आहे ते कळलंच पाहिजे, कारण सरकलेला सांधा श्रोत्याला नाव घेऊन सांगता आला नाही तरी खटकतो. भजनात मात्र क्लिकचा हट्ट धरू नका. अभंगाची लय शेवटाकडे चढते, ती चढू द्यायची.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची केंद्रं आपल्या भागात आहेत. तबला किंवा हार्मोनियमच्या प्रवेशिकेपर्यंत गेलात तरी या कामाला भरपूर झालं. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी बेळगावला लागून आहे आणि तंबोऱ्यांचं मिरज रेल्वेने काही तासांवर. तंबोऱ्याची जवारी लावताना आवाज कसा उघडतो, हे एकदा तिथे बसून ऐका. इक्वलायझरची बटणं फिरवण्याआधी कानाला हे माहीत असलेलं बरं.

घरी सराव करायचा तर काय घ्यावं, कोणत्या क्रमाने?

आधी बंद हेडफोन. मग दोन माइकची सोय असलेला ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), त्यात ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला वायरीतूनच मिळणारी वीज) हवा. नंतर एक डायनॅमिक माइक (एसएम ५७ सारखा) आणि एक मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर. स्पीकर सर्वांत शेवटी, खोली सुधारल्यावर. बहुतेक जण उलटा क्रम धरतात आणि पैसे घालवून बसतात.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ (हा सॅम्पल रेट), २४ बिट. एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात, म्हणजे आठ ट्रॅक तासभर घेतले तर चार जीबीच्या थोडं वर. रेकॉर्ड करताना आवाजाचे शेंडे उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंत ठेवा. ‘लेव्हल फुल्ल’ हा कॅसेटच्या जमान्यातला हव्यास आहे. २४ बिटला त्याची गरज नाही, आणि एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

बफर (कॉम्प्युटर आवाज क्षणभर धरून ठेवतो तो साठा) रेकॉर्डिंगला १२८ सॅम्पलवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला हा उशीर २.७ मिलिसेकंद होतो. तोच १०२४ वर राहिला तर २१ मिलिसेकंद. गायकाला स्वतःचा आवाज मागून येतो आणि तो लयीत रेंगाळू लागतो. दोष मात्र गायकाच्या माथी मारला जातो.

खोली दहा बाय दहाची आहे. चालेल?

छतही दहा फुटांवर असेल तर ती वाईटातली वाईट खोली. तिन्ही बाजू सारख्या असल्या की ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज तिन्ही दिशांनी एकत्र फुगतो. डग्ग्याचा आवाज कोपऱ्यात गडगडतो आणि मधोमध गायब होतो. निवड असेल तर लांबट खोली घ्या.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून काही होत नाही. बाहेरचा आवाज थांबत नाही आणि आतला खर्जही शोषला जात नाही. घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) दोन इंच जाडीचे, दोन बाय चार फुटी पाट लाकडी चौकटीत बसवा, कापडाने पूर्ण गुंडाळा आणि भिंतीपासून दोन इंच सोडून टांगा. कोपऱ्यांत दुप्पट जाडी. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, नाहीतर दोन दिवस अंग खाजतं. तेवढे पैसे नसतील तर गायकाच्या पाठीमागे जाड वाकळ टांगा. माइक गायकाच्या समोर असतो, त्यामुळे भिंतीवरून परतणारा आवाज गायकाच्या मागूनच माइकात शिरतो.

जागा निवडताना वेळ बदलून तीनदा जाऊन ऐका. टिळकवाडीत फाटकाजवळ रेल्वे, सांबऱ्याकडे विमानं. खानापूर, जांबोटीच्या बाजूला पत्र्याचं छप्पर असेल तर जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंग जवळपास विसरा. स्लॅबखालची खोलीच हवी. त्या पावसात कंडेन्सर माइक ओल धरतो आणि तडतडतो. वापर झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते वाळवा.

घरघर आवाज येतो, काय करू?

अर्थिंग तपासा. ५० हर्ट्झची घरघर बहुतेक वेळा तिथूनच येते. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा, माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका. आणि कोणी प्लगची अर्थची पिन काढायला सांगितली तर ऐकू नका. घरघर जाते, पण दोषी यंत्राला हात लावणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो. त्यासाठी ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायचा छोटा डबा) मिळतो.

तबला-पेटीवर सराव कसा करावा?

एका माइकने सुरुवात करा. तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, शाईपासून साधारण दीड फूट वर. माइक एकेक वीत सरकवून पाच टेक घ्या, प्रत्येक टेकच्या सुरुवातीला अंतर तोंडाने बोला. हे ऐकून झाल्यावर दोन माइककडे जा. दोन माइकांना एकच थाप पोचायला ३० सेंटिमीटरचा फरक पडला, तर सुमारे ०.९ मिलिसेकंदाचा उशीर होतो आणि ५७० हर्ट्झच्या आसपास आवाज एकमेकांना खातो. तबला पोकळ, डबड्यासारखा वाटतो. म्हणून नियम असा की माइक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये. तबला-डग्गा इतके जवळ असतात की हे नेहमी जमत नाही. अशा वेळी एका ट्रॅकचा फेज (आवाजाच्या लाटेचा वर-खाली क्रम) उलटा करून बघा आणि जास्त भरीव ऐकू येईल ती बाजू ठेवा.

फेज उलटण्याचं आणखी एक कारण म्हणजे हाताने जोडलेली वायर. माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर प्लगमध्ये पिन एक जाळीला, दोन सरळ, तीन उलट. दोन-तीनची अदलाबदल झाली की वायर एकटी चालते, दुसऱ्या माइकसोबत मात्र खर्ज खाते.

पेटीचा त्रास वेगळा. भाता, पट्ट्यांची खटखट आणि सूर तिन्ही एकाच खोक्यातून येतात. माइक पट्ट्यांच्या वर पण थोडा समोरच्या बाजूला, दोन फुटांवर. भात्याच्या मागे कधीच नको.

असिस्टंट म्हणून लागल्यावर पहिले महिने काय करावं लागतं?

वायरी गुंडाळणं, चहा सांगणं, गायकाचा कागद स्टँडवर लावणं, फाइलींना नावं देणं. हे हलकं समजू नका, मालक यातूनच माणूस जोखतो. वायर कोपर आणि अंगठ्यावर दोरीसारखी गुंडाळली की आतून पीळ पडून तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा अशी गुंडाळायची.

नव्या माणसाच्या हातून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. स्पीकर चालू असताना फँटमचं बटण दाबलं की धाड्कन आवाज होतो आणि स्पीकरचा पडदा फाटू शकतो. आधी आवाज खाली, मग बटण, मग काही सेकंद थांबा. जुना रिबन माइक असेल तर फँटम देण्याआधी विचारा. दुसरी चूक सॅम्पल रेटची. ४४.१ ची फाइल न बदलता ४८ ला वाजली तर सुमारे दीड सेमिटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर म्हणजे एक सेमिटोन) वर चढते. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकतं आणि वादक पेटी जुळवत बसतात. तिसरी चूक ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘फायनलखरंच’ अशा नावांची. गाण्याचं नाव, तारीख, पट्टी, टेक क्रमांक, एवढंच लिहा. दिवसाअखेरी तीन प्रती करा, त्यातली एक स्टुडिओबाहेर.

पगार? सुरुवातीला बेळगाव-कोल्हापूर भागात ठरलेला असा काही नसतो. प्रवासखर्च आणि जेवण तरी नक्की करून घ्या, आणि किती महिने शिकाऊ हे आधीच बोलून ठेवा. ‘शिकतोयस ना’ म्हणत वर्षभर फुकट राबवणारे असतात.

काम मागायला जाताना काय दाखवायचं?

प्रमाणपत्र मागे ठेवा. तीन नमुने पुरेत: एक भजन किंवा भावगीत, एक नुसता बोलण्याचा आवाज, एक पूर्ण मिक्स. प्रत्येकी दोन मिनिटांच्या आत. कच्चा टेक आणि तयार टेक दोन्ही द्या. ऐकणाऱ्याला तुमचा कान त्या फरकातूनच कळतो. ऑनलाइन टाकताना उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप) आसपास ठेवा. जास्त दाबून पाठवलेलं मोठ्या वेबसाइट्स आपोआप खाली आणतात.

दोन भाषांचा खरंच उपयोग होतो का?

इथल्या मुलाचं हे सर्वांत मोठं भांडवल आहे, आणि बहुतेकांना त्याची जाणीव नसते. मराठी आणि कन्नड दोन्ही कानाला असलेला माणूस कोल्हापूरलाही चालतो, हुबळी-धारवाडलाही. सौंदत्तीच्या यल्लम्माची कन्नड गाणी, पंढरीचे अभंग, गणेश मंडळांची गीतं, निवडणुकीच्या प्रचाराच्या घोषणा, शाळांचे कार्यक्रम असं मिश्र काम या भागात येतं. डबिंगमध्ये उच्चार तपासायला दोन्ही भाषा कळणारा माणूस बसवावाच लागतो. कन्नड नुसती बोलू नका, वाचायलाही शिका. कागद कन्नडमध्ये आला की टेकची खूण कुठे करायची ते कळलं पाहिजे.

अनुभवासाठी आकाशवाणी आहे (धारवाड आणि सांगली ही केंद्रं जवळची) आणि बेळगावात केएलईचं वेणुध्वनी हे सामुदायिक केंद्र. बोलण्याचा आवाज स्वच्छ घेणं आणि वेळेत संपवणं या दोन गोष्टी रेडिओइतक्या चटकन कुठेच शिकता येत नाहीत.

साऊंड सिस्टीमवर काम करून स्टुडिओत जाता येतं का?

येतं, आणि बरेच जण असेच जातात. फक्त कान सांभाळा. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. गणपतीच्या मिरवणुकीत रात्रभर बेसच्या भिंतीसमोर उभं राहिलात तर हा हिशेब काही मिनिटांतच संपतो. इअरप्लग खिशात हवेच. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत असेल तर त्या दिवशी मिक्सिंगला बसू नका.

मुलीला पाठवावं का?

पाठवावं. काम बैठं, कानाचं आणि चिकाटीचं आहे. अडचण कामात नाही, रात्रीच्या वेळांत आहे. जाण्याआधी सेशन किती वाजता संपतात, परतायची सोय काय, स्टुडिओत आणखी कोण असतं हे स्वतः बघून या. डबिंग, ऑडिओबुक आणि एडिटिंगची कामं बहुतांशी दिवसा असतात आणि एडिटिंग घरूनही होतं.

आत्ता हातात फक्त मोबाईल आहे. तोवर काय करू?

येत्या एकादशीला देवळातल्या भजनाला जा. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, स्टँडवर किंवा उशीवर ठेवा, पखवाजापासून सहा-सात फूट लांब आणि गायकाच्या तोंडाच्या उंचीला. दुसऱ्या अभंगाला जागा बदला, तिसऱ्याला पुन्हा. घरी येऊन हेडफोन लावा आणि टाळ कुठे फार टोचले, शब्द कुठे बुडाले, ते वहीत लिहा. पुढच्या एकादशीला तीच वही घेऊन जा.